कुष्ठरोग नियंत्रणाची भारतीय वाटचाल : आकडे घटले, रोग सरला का?

दरवर्षी ३० जानेवारी हा दिवस आपल्या देशात महात्मा गांधींच्या पुण्यस्मरणाबरोबरच कुष्ठरोग निवारण दिन म्हणूनही पाळला जातो. २००६ साली याच दिवशी भारत सरकारने एक महत्त्वाची घोषणा केली. डिसेंबर २००५ अखेर देशातील कुष्ठरोगाचे प्रमाण दर दहा हजार लोकसंख्येमागे ०.९५ इतके खाली आले असून सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून या रोगाचे दूरीकरण झाले आहे, अशी ती घोषणा होती. तेव्हापासून अनेक सुशिक्षित कुटुंबांत 'कुष्ठरोग आता राहिलेला नाही' अशी समजूत रूढ झाली. प्रत्यक्षात २०२३ या एका वर्षात भारतात १,०७,८५१ नवे कुष्ठरुग्ण आढळले. जगभरात त्या वर्षी नोंदवलेल्या १,८२,८१५ नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक रुग्ण भारतातील होते.

ही दोन्ही विधाने खरी आहेत. ती एकाच वेळी खरी कशी असू शकतात, हे समजून घेण्यासाठी गेल्या सव्वाशे वर्षांची वाटचाल पाहणे अगत्याचे आहे.

रोगाची ओळख

कुष्ठरोग हा 'मायकोबॅक्टेरियम लेप्री' या जंतूमुळे होणारा संसर्गजन्य रोग होय. तो मुख्यतः त्वचा आणि मज्जातंतू यांवर आघात करतो. नॉर्वेतील बर्गन येथील डॉ. गेरहार्ड आर्मौअर हॅन्सन यांनी १८७३ साली हा जंतू शोधून काढला. रोग हा पूर्वजन्मीच्या पापाचे फळ किंवा दैवी शाप आहे, तसेच तो आनुवंशिक आहे, या समजुतींना या शोधाने शास्त्रीय छेद दिला. योगायोग असा, की त्याच १८७३ साली फादर डेमियन हे बेल्जियन धर्मगुरू हवाई बेटांतील मोलोकाई येथे कुष्ठरुग्णांच्या सेवेसाठी दाखल झाले.

हा जंतू अत्यंत संथ गतीने वाढतो. संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे लागतात, कधी वीस वर्षेही जातात. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या नाकातोंडातून बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म थेंबांद्वारे आणि दीर्घकाळच्या निकट सहवासातून त्याचा प्रसार होतो. हस्तांदोलनाने, शेजारी बसल्याने किंवा एका पंक्तीत जेवल्याने तो होत नाही. सुमारे ९५ टक्के माणसांमध्ये या जंतूविरुद्ध नैसर्गिक प्रतिकारशक्ती असते.

फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा हे या रोगाचे प्रमुख लक्षण आहे. हा चट्टा सहसा दुखत नाही व खाजत नाही आणि म्हणूनच दुर्लक्षिला जातो. येथे एक खुलासा आवश्यक आहे. 'कोड' म्हणून ओळखले जाणारे पांढरेशुभ्र डाग म्हणजे कुष्ठरोग नव्हे. त्या डागांना संवेदना असते आणि त्यांचा संसर्ग होत नाही. या दोहोंची गल्लत झाल्याने अनेक निरपराध माणसांना विनाकारण मनस्ताप सोसावा लागला आहे.

विलगीकरणाचा कालखंड

१८८९ साली फादर डेमियन यांचे याच रोगाने निधन झाले आणि त्यांच्या मृत्यूने इंग्लंडमध्ये मोठी खळबळ उडाली. त्यातून एक राष्ट्रीय निधी उभा राहिला आणि त्या निधीतून १८९० साली एक आयोग पाहणीसाठी भारतात पाठवण्यात आला. मोलोकाईतील एका धर्मगुरूच्या मृत्यूचा भारतातील कुष्ठरोगाच्या इतिहासाशी असा थेट संबंध आहे. रोग आनुवंशिक नाही, त्याची संसर्गक्षमता अल्प आहे आणि सक्तीने वेगळे ठेवण्याचे समर्थन करता येत नाही, असा आयोगाचा निष्कर्ष होता.

परंतु समाजातील भीती आयोगाच्या निष्कर्षापेक्षा प्रबळ ठरली. १८९८ साली 'लेपर्स अॅक्ट' संमत झाला. या कायद्यान्वये रस्त्यावर भिक्षा मागणाऱ्या निराधार कुष्ठरुग्णांना पकडून आश्रमात डांबण्याचा अधिकार शासनाला मिळाला. उपचार उपलब्ध नसताना केलेला हा कायदा, रोग पूर्ण बरा होऊ लागल्यानंतरही कित्येक वर्षे कायद्याच्या पुस्तकात राहिला. केंद्रीय पातळीवर तो २०१६ साली रद्द झाला.

त्या काळी चालमोग्रा तेलाखेरीज हाती औषध नव्हते आणि त्याचा गुणही अनिश्चित होता. त्यामुळे सेवा म्हणजे प्रामुख्याने निवारा, अन्न आणि जखमांची मलमपट्टी. वेल्स्ली बेली यांनी १८७४ साली सुरू केलेले मिशन टु लेपर्स, मुंबईत १८९० साली सुरू झालेले आणि आज वडाळ्यातील अॅकवर्थ रुग्णालय म्हणून परिचित असलेले आश्रयस्थान, गोव्यात १९३० च्या दशकात डॉ. फ्रोइलानो दे मेलो यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले माकाझन येथील रुग्णालय, वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी १९३६ साली आरंभलेले कार्य ही या कालखंडातील काही ठळक नावे. सेवाग्राम आश्रमात गांधीजींनी परचुरेशास्त्री या कुष्ठरुग्ण विद्वानाची शुश्रूषा स्वतःच्या हातांनी केली. त्या कृतीने महाराष्ट्राच्या मनावर खोल ठसा उमटवला.

डॅप्सोन आणि राष्ट्रीय कार्यक्रम

१९४० च्या दशकात सल्फोन वर्गातील औषधे आली आणि चित्र पालटू लागले. डॅप्सोन हे त्यांतील स्वस्त व पोटात घेण्याचे औषध. त्यामुळे रुग्णाला आश्रमात ठेवण्याची आवश्यकता उरली नाही. त्याला घरी ठेवून औषध देता येऊ लागले.

या शक्यतेला पद्धतीचे रूप महाराष्ट्रात मिळाले. १९५१ साली स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानने डॉ. रा. वि. वारदेकर यांच्या नेतृत्वाखाली सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार अशी त्रिसूत्री विकसित केली. गावोगाव, घरोघर जाऊन तपासणी करायची, लोकांना माहिती द्यायची आणि सापडलेल्या रुग्णाला त्याच्या गावातच औषध द्यायचे, हे तिचे स्वरूप. १९५५ साली भारत सरकारने राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू केला, तेव्हा हीच पद्धत त्याचा कणा ठरली.

याच सुमारास पुनर्वसनाचा विचारही दृढ झाला. वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी वाकड्या झालेल्या बोटांवर पुनर्रचना शस्त्रक्रिया करून रुग्णांना पुन्हा कामाला लावले. बोटे झडतात ती रोगाने थेट कुजून नव्हे, तर संवेदना हरपल्यामुळे होणाऱ्या भाजण्या-कापण्याच्या दुर्लक्षित जखमांमुळे, हे त्यांनी दाखवून दिले. वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी उभारलेल्या आनंदवनाने दयेऐवजी श्रमाला केंद्रस्थान दिले. कोलकात्यात मदर तेरेजा यांच्या धर्मभगिनींनी १९५७ पासून फिरत्या दवाखान्यांद्वारे रुग्णांच्या वस्त्यांपर्यंत औषध पोहोचवले. फ्रान्समधील कॅथलिक लेखक राऊल फोलेरो यांनी १९५४ साली जागतिक कुष्ठरोग दिनाची प्रथा सुरू केली. तो जानेवारीच्या अखेरच्या रविवारी पाळला जातो.

तथापि डॅप्सोनची मर्यादा लवकरच उघड झाली. औषध वर्षानुवर्षे, काही रुग्णांना आयुष्यभर घ्यावे लागे. एकट्या औषधाला जंतू सरावले आणि १९७० च्या दशकापर्यंत जगाच्या अनेक भागांत डॅप्सोनला दाद न देणारा कुष्ठरोग दिसू लागला. १९८१ साली भारतात सुमारे ३९ लाख कुष्ठरुग्ण होते आणि दर दहा हजार लोकसंख्येमागे प्रमाण सुमारे ५७ होते.

बहुविध औषधोपचाराचे पर्व

यावर उपाय म्हणून रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन ही औषधे एकत्रित देण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने १९८० च्या दशकाच्या आरंभी शिफारस केली. हाच बहुविध औषधोपचार, अर्थात एमडीटी. रिफाम्पिसिनच्या पहिल्या मात्रेनेच बहुसंख्य जंतू नष्ट होतात आणि रुग्णापासून होणारा प्रसार लवकरच थांबतो. भारतात डॉ. एम. एस. स्वामीनाथन यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटाच्या शिफारशींनंतर १९८३ साली कार्यक्रमाचे नाव राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रम असे झाले. वर्धा आणि पश्चिम बंगालमधील पुरुलिया हे जिल्हे या उपचारपद्धतीचा अवलंब करणाऱ्या पहिल्या जिल्ह्यांत होते. टप्प्याटप्प्याने ती सर्व देशात पोहोचली.

मे १९९१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने २००० सालापर्यंत हा रोग दर दहा हजारांमागे एकाहून कमी प्रमाणावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. १९९३ पासून जागतिक बँकेचे साहाय्य मिळाले. १९९५ पासून जागतिक आरोग्य संघटनेमार्फत औषधे जगभर विनामूल्य उपलब्ध झाली. १९९८ पासून देशात विशेष शोधमोहिमांच्या फेऱ्या झाल्या. जगाने २००० साली उद्दिष्ट गाठले. भारताला त्यासाठी डिसेंबर २००५ पर्यंत थांबावे लागले.

या पर्वाचे यश निर्विवाद आहे. लक्षावधी माणसे बरी झाली आणि असंख्य तरुणांचे हातपाय वाचले. ज्यांनी उन्हातान्हात वाड्यापाड्यांतून औषधाची पाकिटे पोहोचवली, त्या निम्नवैद्यकीय कार्यकर्त्यांचे ऋण मोठे आहे.

आकडा काय सांगतो आणि काय झाकतो

येथे 'दूरीकरण' आणि 'निर्मूलन' या दोन शब्दांतील भेद ध्यानी घ्यावा. निर्मूलन म्हणजे देवीप्रमाणे रोगाचे समूळ उच्चाटन. दूरीकरण म्हणजे ठरावीक मर्यादेखाली आणलेले प्रमाण. भारताने साधले ते दूरीकरण, आणि तेही राष्ट्रीय सरासरीचे. सरासरी एकाहून खाली असली तरी एखाद्या तालुक्यात प्रमाण कितीतरी अधिक असू शकते.

दुसरी बाब मोजणीची. 'प्रमाण' या शब्दाने ठरावीक दिवशी उपचाराधीन असलेले रुग्ण मोजले जातात. डॅप्सोनच्या काळात रुग्णाचे नाव वर्षानुवर्षे नोंदवहीत राही. बहुविध औषधोपचारात अल्प जंतू असलेल्या, म्हणजे पीबी रुग्णाचा उपचार सहा महिन्यांत संपतो. अधिक जंतू असलेल्या, म्हणजे एमबी रुग्णाचा उपचार आधी चोवीस महिन्यांचा होता, तो १९९० च्या दशकाच्या अखेरीस बारा महिन्यांवर आला. उपचार संपला की नाव वगळले जाते. तेव्हा प्रमाणातील घसरणीचा काही भाग रोग ओसरल्यामुळे आहे, तर काही भाग नोंदवही लवकर रिकामी होऊ लागल्यामुळे. जानेवारीत सापडून जुलैत बरा झालेला रुग्ण वर्षअखेरच्या मोजणीत दिसतच नाही.

म्हणून जाणकार नव्या रुग्णांच्या संख्येकडे पाहतात. जागतिक आरोग्य संघटनेकडे नोंदवलेली भारतातील संख्या अशी :

२००० – ५,५९,९३८
२००५ – १,६१,४५७
२०१० – १,२६,८००
२०१६ – १,३५,४८५
२०१९ – १,१४,४५१
२०२० – ६५,१४७
२०२३ – १,०७,८५१

या आकड्यांतून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, २००० ते २००५ या पाच वर्षांत नवे रुग्ण सत्तर टक्क्यांहून अधिक घटले. ज्या रोगाचा सुप्तावस्थेचा कालच सरासरी पाच वर्षांचा आहे, त्याचा प्रसार इतक्या झपाट्याने थांबणे संभवत नाही. याच काळात शोधमोहिमा संपत आल्या, स्वतंत्र कुष्ठरोग यंत्रणा सर्वसाधारण आरोग्यसेवेत विलीन झाली आणि घरोघर जाऊन शोधण्याऐवजी रुग्णाने स्वतःहून येण्याची वाट पाहिली जाऊ लागली. शोधणे कमी झाले, म्हणून सापडणेही कमी झाले.

दुसरी, २००५ नंतरची पंधरा वर्षे आकडा जवळजवळ एका पातळीवर रेंगाळला. २०१६ साली घरोघर शोध अभियान पुन्हा सुरू होताच तो वाढला. ही वाढ रोग बळावल्याची नव्हे, तर दडलेले रुग्ण उजेडात आल्याची खूण होती. तिसरी, २०२० मधील घसरण ही कोविडच्या टाळेबंदीत तपासणी थांबल्याची खूण होय. त्या वर्षी न सापडलेला रुग्ण नाहीसा झाला नाही, तो फक्त उशिरा सापडला.

आणखी दोन निदर्शके महत्त्वाची आहेत. नव्या रुग्णांत बालकांचे प्रमाण किती, हे पाहिल्यास प्रसार अद्याप चालू आहे का ते कळते, कारण लहान मुलाला झालेला संसर्ग अलीकडचा आणि बहुधा घरातला वा शेजारचा असतो. निदानाच्या वेळीच दृश्य विकृती असलेल्यांचे प्रमाण किती, यावरून रुग्ण किती उशिरा सापडतात ते कळते. शासकीय माहितीनुसार बालकांचा वाटा २०१४-१५ मधील ९.०४ टक्क्यांवरून २०२४-२५ मध्ये ४.६८ टक्क्यांवर आला आहे. दृश्य विकृतीचे प्रमाण २०१४-१५ मध्ये दर दहा लाख लोकसंख्येमागे ४.४८ होते, ते २०१९-२० मध्ये १.९६ झाले. ही खरी आणि समाधानाची प्रगती आहे. तरीही शंभर नव्या रुग्णांत चार-पाच मुले असणे म्हणजे संसर्गाची साखळी तुटलेली नाही, असाच अर्थ होतो.

अलीकडील प्रयत्न

गेल्या दशकात कार्यक्रमाचा रोख प्रतिबंधाकडे वळला आहे. रुग्णाच्या कुटुंबीयांना व निकट सहवासितांना तपासणीनंतर रिफाम्पिसिनची एक मात्रा दिली जाते. बांगलादेशातील मोठ्या चाचणीत अशा एका मात्रेने पहिल्या दोन वर्षांत नवे रुग्ण ५७ टक्क्यांनी घटल्याचे दिसले होते. २०१७ पासून ३० जानेवारीला 'स्पर्श' जनजागृती अभियान राबवले जाते. २०२३ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय आराखड्यात २०२७ पर्यंत देशांतर्गत प्रसार शून्यावर आणण्याचे ध्येय आहे. २०२५ पासून पीबी रुग्णांनाही दोनऐवजी तीन औषधे देण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. हे ध्येय कठीण असले तरी अशक्यप्राय नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये जॉर्डन हा कुष्ठरोग संपुष्टात आणल्याची जागतिक आरोग्य संघटनेने पडताळणी केलेला पहिला देश ठरला.

छत्तीसगढ, ओडिशा, बिहार, झारखंड या राज्यांत रोगाचा भार अधिक आहे. महाराष्ट्रात गडचिरोली, चंद्रपूर आणि पालघर जिल्ह्यांच्या आदिवासी पट्ट्यांत तो विशेष जाणवतो. अपुरी घरे, कुपोषण, रोजगारासाठी होणारे स्थलांतर आणि दवाखान्यापासूनचे अंतर ही त्याची परिचित कारणे आहेत. वीटभट्टीवर सहा महिने जाणाऱ्या कुटुंबाचा उपचार मध्येच तुटतो, तो याच कारणाने.

कायदा आणि कलंक

रोग औषधाने बरा होतो, कलंक होत नाही. आणि कलंक केवळ मनात नसतो, तो कायद्यातही असतो. आपल्या समाजाशी निगडित एक उदाहरण मननीय आहे. ख्रिस्ती दांपत्यांना लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यात २००१ साली सुधारणा झाली, तेव्हा 'असाध्य' कुष्ठरोग हे घटस्फोटाचे एक कारण म्हणून त्यात समाविष्ट झाले. त्या वेळी या रोगावर हमखास उपचार उपलब्ध होऊन सुमारे वीस वर्षे लोटली होती! सुखदुःखात, आजारपणात आणि आरोग्यात एकनिष्ठ राहण्याचे वचन वेदीसमोर देणाऱ्या आपण त्याविरुद्ध किती आवाज उठवला, हा प्रश्न स्वतःला विचारावयास हवा. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने कुष्ठरुग्णास नगरपालिकेच्या पदासाठी अपात्र ठरवणारी ओडिशातील तरतूद वैध मानली, परंतु कायदेमंडळाने तिचा फेरविचार करावा असेही सुचवले. विधी आयोगाने २०१५ साली भेदभाव करणाऱ्या तरतुदी रद्द करण्याची शिफारस केली. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने जनजागृती व पुनर्वसनाबाबत सविस्तर निर्देश दिले आणि २०१९ साली ख्रिस्ती घटस्फोट कायद्यासह पाच वैयक्तिक कायद्यांतून हे कारण वगळण्यात आले.

आजही देशात कुष्ठरोगातून बरे झालेल्यांच्या सातशेहून अधिक वसाहती आहेत. तेथील अनेक रहिवासी कित्येक वर्षांपूर्वी रोगमुक्त झाले. ते तेथे राहतात, कारण त्यांना परतायला घर उरलेले नाही.

धर्मग्रामाच्या पातळीवर

११ ऑक्टोबर २००९ रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी फादर डेमियन यांना संतपद बहाल केले. त्यांच्या काळी औषध नव्हते, म्हणून सोबत राहणे एवढीच सेवा शक्य होती. आपल्या काळी औषध आहे, ते शासकीय आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळते आणि म्हणून आपले उत्तरदायित्व वेगळे आहे. काही गोष्टी सहज साध्य आहेत.

पहिली, अंगावर न खाजणारा, बधिर चट्टा, हातापायांना मुंग्या किंवा बधिरता, कानाच्या पाळ्या जाड होणे, बोटे वाकणे, पापणी पूर्ण न मिटणे यांपैकी काही आढळल्यास जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. ते दाखवण्यात कोणतीही अप्रतिष्ठा नाही. दुसरी, उपचार मध्येच सोडू नये. उपचार चालू असताना किंवा संपल्यावर चट्टे अचानक लाल होऊन सुजले, नसा दुखू लागल्या, तर ती 'रिअॅक्शन' असू शकते. अशा वेळी त्वरित डॉक्टरांकडे जावे, कारण विलंब झाल्यास कायमची विकृती येते. तिसरी, घरी आशा कार्यकर्ती तपासणीला आल्यास तिला दारातूनच परत पाठवू नये. 'आमच्याकडे असले काही नाही' या एका वाक्याने एखादे लहान मूल तपासणीवाचून राहू शकते.

चौथी गोष्ट भाषेची. 'महारोगी', 'रक्तपित्या' हे शब्द आपल्या बोलण्यातून जावेत. प्रवचनकारांनीही ध्यानात घ्यावे, की लेवीय पुस्तकात वर्णिलेल्या त्वचारोगात वस्त्रांवर आणि घराच्या भिंतींवर येणारे डागही अंतर्भूत आहेत. तो सर्वस्वी आजचा कुष्ठरोग नव्हे. पापाची उपमा म्हणून या रोगाचा वापर केला जातो, तेव्हा शेवटच्या बाकावर बसलेल्या आणि आपला चट्टा बाहीखाली झाकलेल्या माणसाच्या मनावर काय परिणाम होत असेल, याचा विचार व्हावा. कदाचित त्या रविवारीच तो दवाखान्यात जाण्याचा बेत रद्द करील.

शुभवर्तमानात येशू कुष्ठरुग्णाला बरे करण्यापूर्वी त्याला स्पर्श करतो. उपचार सुरू झाल्यावर अल्पावधीतच रुग्णापासून प्रसार थांबतो, हे आज आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा त्या स्पर्शासाठी आता संताचे धैर्यही लागत नाही. हवी आहे ती अचूक माहिती आणि एका शेजाऱ्याने दुसऱ्या शेजाऱ्याला वेळेवर दवाखान्यापर्यंत दिलेली सोबत.